नवी वेबसाइट करताना जुने पत्ते मोडू नका

2025 साली भारतातल्या बँकांना आपापल्या वेबसाइटचा पत्ता बदलावा लागला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीच्या पतधोरणात घोषणा केली, 22 एप्रिलला परिपत्रक काढले आणि 31 ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांनी ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटाच्या पत्त्यावर जावे, असे बजावले. हेतू खोट्या वेबसाइटींवरून होणारी फसवणूक रोखण्याचा होता. नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही यातून सुटल्या नाहीत. म्हणजे ज्या बँकेत संगणकाचे सगळे काम एकच माणूस बघतो, तिलाही वर्षानुवर्षांचा पत्ता बदलून, गिऱ्हाईक न हरवता, नव्या जागी जायचे होते. यात दोन कामे होती. नवा पत्ता घेणे हे सोपे. जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला नव्यावर नीट पोचवणे हे अवघड, आणि सगळी भिस्त त्याच्यावर.

तुमच्या-आमच्यावर रिझर्व्ह बँकेचा बडगा नाही. तरी पत्ते आपण स्वखुशीने बदलतो, आणि बदलतो आहोत हे आपल्या लक्षातही येत नाही. आमच्या ग्वाल्हेरात हे दर वर्षी कुठे ना कुठे घडते. लष्कर भागातल्या एखाद्या गजकवाल्याचा, म्हणजे तिळाची मिठाई विकणाऱ्याचा, मुलगा पुण्याहून शिकून येतो आणि ‘बाबा, आपली साइट फार जुनाट दिसते’ म्हणतो. मराठी मंडळावर नवी कार्यकारिणी येते. एखाद्या संगीत संस्थेला थोडा निधी मिळतो. वेबसाइट करून देणारा रंग दाखवतो, लोगो दाखवतो, मोबाइलवर किती छान दिसते ते दाखवतो. सगळ्यांना पसंत पडते. महिन्याभराने फोन येणे कमी होते, आणि मग ‘गूगलने काहीतरी बदलले’ अशी सबब निघते. गूगल बदल करतेच; पण अशा बहुतेक प्रकरणांत घाव आपल्याच हातचा असतो.

कारण असे की गूगलच्या लेखी तुमचे दुकान, तुमची संस्था हे एकसंध काही नसते. तिथे नोंद असते ती एकेका पानाची, आणि पान ओळखले जाते त्याच्या पत्त्यावरून. एखाद्या पत्त्याला दहा वर्षांत कोणी कोणी दुवे दिले, त्यावर काय मजकूर होता, लोक काय शोधत तिथे आले, हे सगळे त्या पत्त्याच्या खात्यावर जमा झालेले असते. नव्या साइटमध्ये तेच पान वेगळ्या पत्त्यावर गेले आणि जुना पत्ता ‘404’, म्हणजे ‘पान सापडले नाही’, असे दाखवू लागला, की ते खाते बंद पडते. नवे पान शून्यावरून सुरू होते.

म्हणून पहिला सल्ला असा की शक्य असेल तर पत्ते बदलूच नका. रूप बदला, अक्षर बदला, मागची यंत्रणा बदला, पण पानांचे पत्ते तेच ठेवा. ‘हे तांत्रिकदृष्ट्या होत नाही’ असे कोणी म्हटले, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘त्यात कष्ट आहेत’ एवढाच असतो. वेब ज्यांनी घडवले त्या टिम बर्नर्स-ली यांनी चांगले पत्ते बदलत नसतात, असे 1998 सालीच लिहून ठेवले आहे.

आधी यादी, मग रंग

बदलणे भागच असेल, तर जुनी साइट उतरवण्याआधी यादी करा. उतरवल्यावर ती करता येत नाही असे नाही, पण मग ती पुराणवस्तू संशोधकाची मेहनत होते.

गूगलचे ‘सर्च कन्सोल’ फुकट असते. त्यात 16 महिन्यांची माहिती राहते. त्यातून कोणकोणत्या पानांवर शोधातून माणसे आली ती सगळी पाने स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या. त्याच ठिकाणी दुव्यांचा अहवालही असतो. बाहेरच्यांनी तुमच्या कोणत्या पानांना दुवे दिले ते त्यात दिसते. तीही पाने यादीत घाला. भेटी शून्य असल्या तरी बाहेरून दुवे असलेले पान मोलाचे असते. मग साइटमॅप आणि सर्व्हरच्या नोंदी. एवढे झाले की डाव्या रकान्यात जुने पत्ते आले. उजवा रकाना रिकामा असेल, तो भरणे हे खरे काम.

तो कसा भरायचा ते जवळून पाहू. समजा, गायनाच्या ग्वाल्हेर घराण्यावर काम करणारी एक संस्था आहे. पहिल्या ओळीत कृष्णराव शंकर पंडितांचे पान आहे, जुन्या यंत्रणेतले, नाव नसलेले, नुसता ‘आयडी 14’. नव्या साइटमध्ये त्यांचे पान आहेच. तोच पत्ता समोर लिहायचा. दुसऱ्या ओळीत बंदिशींची एक पीडीएफ आहे. नव्या साइटच्या आराखड्यात पीडीएफचा कोणी विचारच केलेला नसतो, पण विद्यार्थी नेमकी तीच शोधत येतात. ती होती त्याच पत्त्यावर राहू द्या. तिसऱ्या ओळीत 2019 च्या पुण्यतिथी कार्यक्रमाची बातमी आहे आणि तिला एका वर्तमानपत्राने दुवा दिला आहे. तिच्यासाठी संग्रहात एक साधे पान करा. चौथी आणि पाचवी ओळ म्हणजे एकाच गायकावरची दोन अर्धवट पाने; ती एकत्र करून एक चांगले पान करा आणि दोन्ही पत्ते त्याच्याकडे वळवा. सहावी ओळ म्हणजे कोणीतरी चाचणीसाठी केलेले ‘नमस्कार जग’ छापाचे पान. त्याला कुठेच पाठवू नका. ते गेले तर जाऊ द्या. 404 किंवा 410 हे उत्तर अशा ठिकाणी अगदी योग्य आहे.

हे काम वेबसाइट करून देणाऱ्यावर सोडू नका. ‘आयडी 14’ मध्ये कोण होते हे त्याला ठाऊक नसते. संस्थेतल्या माणसाने शेजारी बसून हा रकाना भरावा. वेळखाऊ आहे, कंटाळवाणे आहे, आणि सगळ्या प्रकरणातले सर्वांत किमती काम हेच आहे.

सगळे मुख्य पानावर ढकलू नका

रकाना भरण्याचा कंटाळा आला की एक पळवाट निघते. सगळे जुने पत्ते नव्या मुख्य पानाकडे वळवायचे. एका ओळीचा नियम, काम संपले. यात नुकसान दुहेरी आहे. बंदिशी शोधत आलेल्या माणसाला पदाधिकाऱ्यांचे फोटो दिसतात आणि तो परत जातो. गूगललाही हे कळते. विषयाशी संबंध नसलेल्या पानाकडे वळवलेला पत्ता ते बऱ्याचदा ‘सॉफ्ट 404’ म्हणून, म्हणजे नसल्यासारखाच धरते.

वळवताना 301 वापरा. 301 म्हणजे ‘कायमचे हलले’, 302 म्हणजे ‘तात्पुरते हलले’. गूगल 301 ला ठाम खूण मानते, 302 ला कच्ची. पूर्वी अशी समजूत होती की अशा वळवण्यात, म्हणजे रीडायरेक्टमध्ये, दुव्यांचे थोडे वजन गळते. तसे होत नाही, हे गूगलच्या लोकांनी 2016 मध्येच स्पष्ट केले. तेव्हा कोणी तुम्हाला ती भीती दाखवून काही विकत असेल तर घेऊ नका.

खरी अडचण होते ती साखळीत. जुना पत्ता ‘एचटीटीपी’चा, तो ‘एचटीटीपीएस’कडे जातो, तो ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेल्याकडे, तो 2018 च्या साइटच्या पत्त्याकडे, आणि तो आजच्या पत्त्याकडे. चार उड्या. गूगलबॉट दहापर्यंत उड्या मारतो, पण गूगलचा सल्ला शक्यतो तीनपेक्षा जास्त न ठेवण्याचा आहे. त्यापेक्षा प्रत्येक जुन्या पत्त्यावरून थेट शेवटच्या पत्त्याकडे एकच उडी ठेवा. ओबडधोबड जोडण्या करत गेलेल्या साइटींमध्ये कधी कधी ‘अ’ पान ‘ब’कडे आणि ‘ब’ पुन्हा ‘अ’कडे पाठवते, मोबाइल फिरत राहतो आणि शेवटी हात टेकतो. हे मालकाला कधीच दिसत नाही, कारण तो नेहमी मुख्य पानच उघडून बघतो.

रीडायरेक्ट किती काळ ठेवायचे? गूगल म्हणते निदान एक वर्ष, आणि जमेल तितका जास्त काळ. माझे मत विचाराल तर कायम. गजकेच्या डब्यावर पत्ता छापलेला असतो, क्यूआर कोड छापलेला असतो. संस्थेच्या स्मरणिकेत, लग्नाच्या सभागृहाच्या पाटीवर, पाहुण्यांनी जपून ठेवलेल्या कार्डावर तोच पत्ता असतो. तो कागद टिकेल तोवर पत्ता चालला पाहिजे. याचा खर्च म्हणजे सर्व्हरवरच्या फाइलमध्ये दोन-चारशे ओळी.

डोमेनच बदलत असाल, तर सर्च कन्सोलमध्ये ‘पत्ता बदल’ नावाचे साधन आहे ते वापरा. त्याचा परिणाम 180 दिवस राहतो. आणि जुने डोमेन सोडून देऊ नका, त्याचे नूतनीकरण करत राहा. सुटलेली डोमेने उचलून त्यांवर जुगाराची पाने थाटणारे टपलेले असतात. मार्च 2024 पासून गूगलने या उद्योगाला स्पॅमच्या यादीत घातले, तरी तुमच्या जुन्या नावाची अब्रू जायची ती जातेच. बँकेच्या बाबतीत तर जुना पत्ता भलत्याच्या हाती पडणे म्हणजे ज्या फसवणुकीसाठी हा सगळा खटाटोप, तिलाच दार उघडे.

मंडळांच्या बाबतीत एक निराळीच भानगड असते. डोमेन माजी चिटणिसांच्या भाच्याच्या ई-मेलवर घेतलेले, ओटीपी जातो भाच्याच्या फोनवर, आणि भाचा आता बंगळुरात. डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ई-मेलवर आणि स्वयंचलित नूतनीकरणावर ठेवा. कार्यकारिणी बदलली की चाव्यांबरोबर हा पासवर्डही सोपवा.

देवनागरी पत्त्यांबद्दल

मराठी साइटींना एक जादा खाचखळगा आहे. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो, पण आत त्याची टक्केचिन्हांची माळ होते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, जोडचिन्हसुद्धा, नऊ रोमन चिन्हांचे होते. ‘ग्वाल्हेर’ या एका शब्दात अशी नऊ चिन्हे, म्हणजे 81. वर्डप्रेस पानाच्या पत्त्याला 200 चिन्हांपर्यंतच जागा देते. ‘ग्वाल्हेर-घराण्याचे-गायक’ एवढ्यातच ती बरोबर 200 होऊन संपते. मग ‘ग्वाल्हेर घराण्याचे गायक आणि त्यांचे शिष्य’ व ‘ग्वाल्हेर घराण्याचे गायक आणि त्यांच्या बंदिशी’ या दोन लेखांचे पत्ते सारख्याच ठिकाणी कापले जातात आणि दुसऱ्याच्या शेपटाला मुकाट्याने दोनचा आकडा लागतो. पुढे साइट हलवताना कोणता कोणता हे कोणालाच उमगत नाही.

गूगलला देवनागरी पत्ता चालतो, त्यामुळे जुने देवनागरी पत्ते केवळ यापायी बदलू नका. नवे पान करताना मात्र पत्ता दोन-तीन शब्दांचा, हाताने लिहिलेला ठेवा. मथळ्यातून आपोआप होऊ देऊ नका. आणि रीडायरेक्टच्या यादीत देवनागरी पत्ते टक्केचिन्हांच्या रूपात नीट जुळतात का, हे प्रत्यक्ष उघडून तपासा. इथे बरेच नियम गुपचूप नापास होतात.

वर्डप्रेस लेखाचा पत्ता बदलला तर जुना लक्षात ठेवून आपोआप वळवते, हे खरे. त्यावर विसंबू मात्र नका. ती सोय लेखांपुरती आहे, ‘पेज’ प्रकारच्या पानांना ती लागू नाही, आणि सगळा मजकूर दुसऱ्या यंत्रणेत गेला की संपलीच.

वर्ष पत्त्यात घालू नका

आता मजकुराकडे. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केला; तानसेन समारोहाने 2024 मध्ये शंभरी गाठली. दोन्ही दर हिवाळ्याचे. आणि दर हिवाळ्यात इथली दुकाने, हॉटेले, टॅक्सीवाले नवे पान करतात, ‘मेळा-2023’, ‘मेळा-2024’, ‘मेळा-2025’. प्रत्येक पान जेमतेम ओळखीचे होते तोवर मेळा उठतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. त्यापेक्षा ‘मेळा’ या एकाच कायमच्या पत्त्यावर दर वर्षी नवी माहिती घाला. गेल्या वर्षीचे काही जपावेसे वाटले तर ते संग्रहाच्या पानावर हलवा. दहा वर्षांनी त्या एका पत्त्यामागे दहा वर्षांचे दुवे उभे राहतील. महाराष्ट्रातल्या गणेशोत्सव मंडळांना, दिवाळी अंकांना, कीर्तन महोत्सवांना हेच लागू.

नावे बदलतात तेव्हाही पत्त्याला हात लावण्याची घाई नको. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. पानावरचे नाव बदला, पण जुने नाव मजकुरात एकदा तरी राहू द्या आणि पत्ता तोच ठेवा. जुन्या नावाने शोधणारी माणसे अजून भरपूर आहेत. आमच्याकडे कागदावर ‘जयाजी चौक’ आहे आणि रिक्षावाल्याला ‘बाडा’च सांगावे लागते. शोधणारा माणूसही बाडाच टाइप करतो. मथळ्यात लोकांच्या तोंडचा शब्द हवा, सरकारी शब्द मजकुरात असला तरी चालेल.

याच कारणाने इथल्या साइटींवर मराठी आणि हिंदी पाने वेगळी, वेगळ्या पत्त्यांवर ठेवावीत आणि ती एकमेकांची भाषांतरे आहेत हे ‘एचआरईएफलँग’ खुणेने सांगावे. ग्वाल्हेरची माहिती पुण्यातला माणूस ‘ग्वाल्हेर’ लिहून शोधतो, इथल्या मुरारमधला ‘ग्वालियर’ लिहून. एकाच पानात दोन्ही भाषांची खिचडी केली तर दोघांनाही ते परके वाटते. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता चढवणे हे तर सरळ आत्मघातकी आहे. मार्च 2024 मध्ये गूगलने ढिगाने तयार केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध धोरण आणले. तो माणसाने केला की यंत्राने, याला तिथे महत्त्व नाही.

मग मजकूर कसा असावा? ‘ग्वाल्हेर घराणे हे भारतातील एक प्राचीन व समृद्ध घराणे आहे’ हे वाक्य शेकडो साइटींवर आहे. युनेस्कोने 2023 मध्ये ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिल्यावर तर त्याला ऊत आला. तुमच्याकडे असते ते दुसऱ्या कोणाकडे नसते. 1914 साली सुरू झालेल्या शंकर गांधर्व महाविद्यालयात कोण काय शिकवत असे. 1918 च्या माधव संगीत महाविद्यालयाशी भातखंड्यांचा संबंध काय. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकून दक्षिणेत गेले तेव्हा सोबत काय घेऊन गेले. एखादी अष्टपदी इथे कशी गातात. जुन्या निमंत्रणपत्रिकांचे फोटो, खाली नीट ओळी. गजकवाल्याने गजकेचा पाक किती तापवतात, माल किती दिवस टिकतो, पुण्याला पाठवला तर डबा फुटतो का, हे लिहावे. अशी पाच पाने पन्नास पोकळ पानांना भारी पडतात, आणि त्यांना दुवे मागावे लागत नाहीत.

दुव्यांबद्दल थोडक्यात. ‘हजार बॅकलिंक्स, स्वस्तात’ असे मेसेज येतात ते पुसून टाका. 2012 च्या ‘पेंग्विन’ बदलापासून गूगल विकतच्या दुव्यांमागे लागलेले आहे. आता ते बहुधा मोजलेच जात नाहीत, म्हणजे पैसे पाण्यात. त्याऐवजी जे खरे दुवे आहेत ते सांभाळा. साइट हलवल्यावर ज्या विद्यापीठाने, वर्तमानपत्राने, दुसऱ्या मंडळाने दुवा दिलाय त्यांना एक सभ्य ई-मेल पाठवून नवा पत्ता कळवा. आपल्याच साइटच्या आतले दुवेही थेट नव्या पत्त्यांवर करा, रीडायरेक्टच्या भरवशावर ठेवू नका. गूगल मॅप्सवरच्या दुकानाच्या नोंदीतला वेबसाइटचा पत्ता बदलायचा राहून जातो. तो त्याच दिवशी बदला.

हलवायचे कधी आणि मग बघायचे काय

गजकवाल्याने मे महिन्यात, संगीत संस्थेने समारोह आटोपल्यावर. संक्रांतीच्या तोंडावर वेबसाइट बदलणाऱ्याला कोणी वाचवू शकत नाही. डोमेन, रूप आणि मजकूर तिन्ही एका रात्रीत बदलू नका. काही बिघडले तर कशाने बिघडले हे कळत नाही.

पहिल्या दिवशी दोन गोष्टी आवर्जून बघा. साइट बनत असताना गूगलला बाहेर ठेवण्यासाठी लावलेला ‘नोइंडेक्स’ काढला का? वर्डप्रेसमध्ये ही एक छोटी चौकट असते आणि ती टिक केलेली राहिली की सगळी मेहनत वाया. आणि जुन्या डोमेनच्या ‘रोबॉट्स’ फाइलमध्ये गूगलला मज्जाव केलेला नाही ना? मज्जाव असेल तर त्याला रीडायरेक्ट दिसतच नाहीत.

त्यानंतर काही आठवडे क्रमांक खाली-वर होतात. मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पाने हलायला तेवढा वेळ लागतो. घाबरून पुन्हा पत्ते बदलू नका. सर्च कन्सोलमध्ये साइट किती वेळा दिसली आणि किती जणांनी ती उघडली हे आकडे वेगवेगळे बघा. दिसणेच घटले असेल तर रीडायरेक्ट तपासा. दिसणे तेवढेच आणि उघडणे कमी असेल तर दोष तुमचा नसेलही. गूगल आता बऱ्याच प्रश्नांची उत्तरे शोधाच्या निकालांच्या वरच देऊन मोकळे होते.

आणि वेबसाइट करून देणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी ती दोन रकान्यांची यादी मागून घ्या. तिच्यातले वीस-पंचवीस जुने पत्ते स्वतःच्या मोबाइलवर एकेक करून उघडा. जे चुकीच्या पानावर नेतील ते दुरुस्त झाल्यावरच पैसे द्या.